ते लोखंड नाही

दिवा जरा अलीकडे ओढा. दुपार आहे हे मलाही कळतं, पण नोव्हेंबरात आमच्या मोदेनात जेवण उरकलं की दिवा लावावाच लागतो. तुम्ही नेपल्सच्या, नुकत्याच शेजारी राहायला आलात, तुम्हाला या धुक्याची सवय नसेल. नदीवरून येतं आणि समोरच्या घराची खिडकीसुद्धा दिसेनाशी होते. त्या दिवशीही असंच होतं. आम्हाला फिनालेजवळ एका शेतावर जुनी गाडी पाहायला जायचं होतं, एवढंच. पटली तर घ्यायची, नाही पटली तर वाटेत गरम वाइनचा एकेक पेला घेऊन घरी परतायचं.

गाडी माझ्यासाठी नव्हती. मी शिवणकाम करणारी बाई, मला सायकलसुद्धा धड चालवता येत नाही. गाडी हवी होती माझ्या नवऱ्यासाठी, एर्मेससाठी. एर्मेस पत्र्याचा कारागीर. साबातिनीच्या शेडमध्ये त्यानं उभी हयात काढली. शर्यतीच्या गाड्यांची अंगं तो हातानं घडवायचा. लाकडाचा ओंडका, वाळूची पिशवी, मोगरी आणि ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा, बस्स. सकाळी सपाट असलेला पत्रा संध्याकाळपर्यंत गाडीचा खांदा झालेला असायचा. मला म्हणायचा, "तुझ्या कापडासारखंच आहे गं हे. फक्त ओरडतं."

मग शेड बंद पडली आणि एर्मेस घरी बसला. सुरुवातीला त्यानं घरातली सगळी दारं दुरुस्त केली. मग दारं संपली. मग तो खिडकीशी बसू लागला, मग पलंगावर. बोलणं कमी होत होत ऑगस्टात पार थांबलं. खाणं म्हणजे दोन चमचे सूप, तेही मी पुढ्यात बसून रडकुंडीला आले म्हणून. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं, आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, "शरीर ठीक आहे, सिन्योरा. त्यांना जगायचा कंटाळा आलाय." या वाक्याची त्यांनी फी घेतली.

रात्री मी त्याच्या नाकाशी हात धरून श्वास चालतोय ना ते पाहायची. नाताळ काही हा माणूस पाहत नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मुलंबाळं नाहीत. तो गेला की मी आणि शिवणयंत्र. मी देवाला सांगितलं, माझा नवरा मला उठवून दे, बाकी तुझं तू बघ. असं मागायला नको होतं. मागताना नीट, सगळे तपशील देऊन मागावं.

तेवढ्यात वाइनरनं बातमी आणली. वाइनर म्हणजे एर्मेसचा शेडमधला जुना सोबती, इंजिनाचं काम करणारा, जिभेला हाड नसलेला. फिनालेच्या एका विधवेकडे गवताच्या कोठारात एक गाडी पडून आहे, दोन माणसांची, शर्यतीची, साबातिनीच्याच शेडमध्ये अंग घडवलेली.

"पण दिर्चे, ऐक," तो म्हणाला. "बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ही काडीच कुजलेली असणार. इतकी वर्षं कोठारात पडलेली गाडी म्हणजे उंदरांचं बाळंतपणाचं घर."

"तू टेम्पो आण. मागे ट्रॉली जोड."

"अगं, नुसतं पाहायलाच जातोय ना?"

"पाहायलाच जातोय. ट्रॉली जोड."

एर्मेसला मी लहान मुलासारखे कपडे चढवले. त्याच्या राखाडी कोटाचं वरचं बटण तुटलं होतं. तसलं दुसरं मिळेना, म्हणून घाईघाईत तपकिरी लावलं. एरवी असलं काम मी माझ्या हातून होऊ दिलं नसतं. आम्हा दोघांच्या थडग्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे मी माझ्या कोटाच्या अस्तरात शिवून घेतले. माणूसच राहिला नाही तर थडगं घेऊन काय करायचं, आणि राहिला तर थडग्याची घाई काय?

वाट जेमतेम दिसत होती. वाइनर खिडकीतून डोकं बाहेर काढून कालव्याचा काठ पाहत गाडी हाकत होता आणि धुक्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. एर्मेस आमच्या मध्ये, घोंगडी पांघरून. मी त्याचा हात धरला होता. बर्फासारखा गार, आणि स्वच्छ. नखांतसुद्धा काही नाही. त्या स्वच्छ नखांकडे मला बघवत नव्हतं.

शेतावर पोचलो तेव्हा आवाज म्हणून नव्हता. कुत्रं नाही, कोंबडी नाही. पॉप्लरच्या झाडांची एक रांग धुक्यात उभी होती आणि तिच्या टोकाला घर. विधवा बाहेर आली. आर्जिया तिचं नाव. वाळलेली, ताठ, काळी शाल घेतलेली. तिनं आम्हाला या म्हटलं नाही की बसा म्हटलं नाही.

मी एर्मेसला उतरवायला गेले तर त्यानं मान हलवली. नाही. इतकी वाट तुडवून आणलं आणि नाही! मला वाटलं तिथंच चिखलात फतकल मारून रडावं.

"बरं, बस इथं," मी म्हटलं आणि घोंगडी नीट खोचली. "मी आधी आत बघून येते. मग तुला नेते. कुठं जाऊ नकोस."

कोठाराचं मोठं दार गंजून बसलं होतं. बाजूला एक छोटं दार होतं, एका वेळी एकच माणूस जाईल एवढं. आर्जियाबाईनं कुलूप काढलं. वाइनर कंदील घेऊन आत शिरला, मागोमाग मी. ती आत आली नाही. दाराच्या चौकटीतच उभी राहिली, दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकवून.

आत कुजलेल्या गवताचा वास होता, उंदरांचा वास होता, आणि त्यात मिसळलेला एरंडेलाचा. शर्यतीच्या गाड्यांत पूर्वी तेच तेल घालायचे. लग्नानंतर कितीतरी वर्षं एर्मेसच्या सदऱ्यांना हा वास यायचा.

गाडी मधोमध होती. चारही चाकं बसलेली, काच फुटलेली, अंगावर धुळीची जाड साय. कधीकाळी लाल असावी. आता रंगाचे पोपडे सुटले होते आणि खालचा पत्रा मेलेल्या माशासारखा करडा दिसत होता. वाइनर कंदील घेऊन खाली झोपला. खिशातलं लोहचुंबक त्यानं चासीला लावलं, खरवडलं, शिव्या घातल्या.

"गेलीये," त्याचा आवाज खालून आला. "चासी म्हणजे नुसती चाळण. बोट घातलं तर आरपार जातंय. इंजिन गंजून धोंडा झालंय. दिर्चे, ही गाडी घेणं म्हणजे पैसे चुलीत घालणं. चुलीत घातले तर निदान ऊब तरी…"

तो बोलता बोलता थांबला. मग गाडीच्या पलीकडून उठला आणि कंदील वर धरला.

"हे काय आहे?"

डावीकडचं पुढचं मडगार्ड लखलखत होतं. रंग नाही, धूळ नाही, उघडा पत्रा, आणि त्यावर मोगरीचे बारीक बारीक ठसे, शेजारी शेजारी, सगळे सारखे. ॲल्युमिनियम उघडं ठेवलं की त्याची चमक हळूहळू जाते, हे मलाही ठाऊक आहे. हे काम ताजं होतं.

"बाई, हे कुणी केलं?" वाइनरनं विचारलं.

"कुणी नाही," आर्जियाबाई दारातून म्हणाली. "या दाराची किल्ली माझ्या कमरेला असते. आत कुणी येत नाही."

"मग ठोकतं कोण? उंदीर?"

"ऑगस्टापासून दुपारचा आवाज येतो. टोक… टोक… टोक. मी बघायला आले नाही. माझा नवरा, ओलिंतो, याच गाडीत गेला. त्या सीटवर बसल्या बसल्या, हात चाकावर ठेवून."

आता तुमच्या नेपल्सला तर हे आमच्यापेक्षा जास्त असेल. मेलेल्या माणसाचं नाव असं अवचित निघालं, किंवा रस्त्यानं शववाहिका गेली, की हात आपोआप लोखंडाला लागतो. किल्ली, कुंपण, कढई, जे हाताशी असेल ते. इडा पीडा टळो. लोखंड जवळ नसेल तर पुरुष दुसरंच काही चाचपतात, ते जाऊ द्या. वाइनरनं खिशातला किल्ल्यांचा जुडगा घट्ट धरला. मी पुढ्यात होतं ते धरलं. गाडीचं दार.

"ते लोखंड नाही."

आवाज गाडीच्या पलीकडून, अंधारातून आला.

"ॲल्युमिनियम आहे ते. त्यानं काही होत नाही."

एर्मेसचा आवाज. तीन महिने जो ऐकायला माझे कान आसुसले होते तो आवाज, आणि अगदी त्याच्याच चालीत, कंटाळल्यासारखा, चूक सुधारणारा. उभा जन्म ॲल्युमिनियमच्या माणसाबरोबर काढला, पण घाबरलेल्या हाताला गाडी म्हणजे लोखंडच. आणि एर्मेसला चूक कधी सहन झाली नाही. मेल्यावरही हा 'ते लोखंड नाही' म्हणायला उठून बसेल, असं मी नेहमी म्हणायची.

तो अंधारातून पुढे आला. राखाडी कोट. भिंतीकडून आला, हात पुसत.

"तू… तू कधी आलास आत?"

"आत्ताच."

आर्जियाबाई दारातच उभी होती, दोन्ही हात चौकटीला टेकवून. तिला ओलांडून मांजरही आत येऊ शकलं नसतं. हे मला दिसत होतं. पण मी त्या क्षणी ते पाहायला तयार नव्हते. मी त्याच्या गळ्यात पडले आणि ओक्साबोक्शी रडले. त्याचे हात गरम होते. बोटं पत्र्याच्या काजळीनं काळी झाली होती, नखांपर्यंत. किती बरं वाटलं मला ती काळी नखं बघून!

"चासी कुजलीये, म्हाताऱ्या," वाइनर म्हणाला.

"चासी तू कर. अंग मी करतो," एर्मेस म्हणाला. "मडगार्डची सुरुवात बरी झालीये."

दोघं बोलू लागले तसं आर्जियाबाईनं मला खुणेनं बाहेर बोलावलं. शालीतून हात काढून माझं मनगट धरलं. त्या हातात केवढी ताकद होती!

"नेऊ नका ही गाडी, पोरी."

"का? विकायची नाहीये?"

"विकायची आहे. फुकट द्यायलाही तयार आहे. पण घरी असं माणूस असेल तर नेऊ नका. माझा ओलिंतोही असाच पडून होता. त्याला उठवायला म्हणूनच आम्ही घेतली. उठला. दुसऱ्या दिवशी उठला. मग किती वर्षं काम केलं, जेवला, हसला, मला जत्रेला नेलं."

"मग वाईट काय झालं त्यात?"

"वाईट काही झालं नाही," ती म्हणाली. "कधी रागावला नाही. कधी हात उगारला नाही. चांगला वागला. पण पोरी… माझा ओलिंतो चांगला वागणाऱ्यातला नव्हता."

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला तिचा राग आला. माझा माणूस मरणाच्या दारातून बोलत परत आला होता, आणि ही म्हातारी मला तिच्या संसाराची रडगाणी ऐकवत होती.

"माझा चांगलाच आहे," मी म्हटलं आणि अस्तराची शिवण दातानं तोडली. तिनं पैसे हातात घेतले नाहीत. मी ते, सोबत आमचा फोन नंबर लिहून, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले.

मोठं दार वाइनरनं पहारीनं उघडलं. गाडी ट्रॉलीवर चढवायला वेळ लागला. धुकं इतकं दाटलं होतं की मला माझेच बूट दिसत नव्हते. एकदा वाटलं, पॉप्लरच्या रांगेत एक खोड जास्त आहे, बुटकं, जरा वाकलेलं. मी तिकडे पाहिलं तोवर एर्मेसनं हाक मारली, "दिर्चे, चल, थंडी वाजेल तुला." टेम्पोत घोंगडी रिकामी पडली होती. मी ती उचलून त्याच्या गुडघ्यांवर टाकली. त्यानं ती काढून माझ्या खांद्यावर घातली. थंडी वाजत नाही म्हणाला.

घरी येईस्तोवर दोघं कार्ब्युरेटरवर भांडत होते. मी मध्ये बसून गालातल्या गालात हसत होते, आणि वाटेतल्या सान फेलीचे गावचं घंटाघर गेलं कधी ते मला कळलं नाही.

त्या संध्याकाळी एर्मेसनं सुपातले तोर्तेल्लिनी दोनदा मागून घेतले. लाम्ब्रुस्को वाइनचा पेला रिकामा केला. मी चुलीकडे तोंड करून ॲप्रननं डोळे पुसत होते आणि तो पाठीमागून म्हणत होता, "मीठ जास्त झालंय, पण चालेल." तेवढ्यात बोळातला फोन वाजला.

"सिन्योरा दिर्चे? मी आर्जिया."

"बोला."

"तुमचा माणूस इथंच राहिलाय."

"गाडी चढवताना खाली उतरला असेल. गोठ्यामागे सापडला. पार भिजलाय. बोलत नाही. मी त्याला चुलीशी बसवलंय."

"आर्जियाबाई, तुमची काहीतरी चूक होतेय. माझा नवरा इथं माझ्यासमोर जेवतोय."

"हं," ती म्हणाली. तिला नवल वाटलं नाही. "याच्या अंगावर राखाडी कोट आहे. वरचं बटण तपकिरी."

बोळात खुंटीवर एर्मेसचा कोट टांगला होता. फोनची तार ताणून मी एक पाऊल पुढे गेले आणि कोटाची बाही बाजूला केली. सगळी बटणं राखाडी होती. वरचंसुद्धा.

"दिर्चे, कोण आहे गं?" आतून विचारलं.

"चुकीचा नंबर," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रात्रभर मी जागी होते. तो शेजारी शांत झोपला होता, गरम, जिवंत, एका लयीत श्वास घेत. एर्मेस घोरायचा. उभ्या आयुष्यात त्या घोरण्यावरून मी त्याला काय काय बोलले असेन! आता ऐकू येईना तर जीव कासावीस झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन आला. आमच्या घरामागच्या शेडमध्ये, जिथं गाडी ठेवली होती, मोगरी चालू होती. टोक, टोक, टोक. वर शीळही.

"ठेवू नका," आर्जियाबाई म्हणाली. "मलाही असाच फोन आला होता, ज्यानं आम्हाला गाडी विकली त्याचा. मी ठेवून दिला. मला कुणी दुसऱ्यांदा फोन केला नाही. म्हणून मी करतेय."

"तो… जेवला का?"

"दोन चमचे. तुमचं नाव घेतलं की डोळ्यांतून पाणी येतं."

"फोन द्या त्याच्याकडे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग श्वास. नाकातून शिट्टीसारखा येणारा, मध्येच अडकणारा, ज्याच्यापाशी मी रात्र रात्र हात धरून बसत होते तोच. तो माझा एर्मेस होता. आणि शेडमध्ये जो काम करत होता, ज्यानं सकाळी मला कॉफी करून दिली, तो कोण होता? आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, म्हणतात. त्या दोन डोळ्यांचं आंधळ्यानं पुढं काय केलं, ते कुणी सांगत नाही.

काय बोलावं? तू तिथंच राहा म्हणू? मर म्हणू? माझ्या तोंडून जे निघालं ते विचार करून निघालं नाही.

"घरी ये रे, एर्मेस," मी म्हटलं. "घरी ये."

पलीकडे फोन पडल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी फिनालेला गेले. आर्जियाबाई दारातच भेटली.

"तुम्ही त्याला घरी ये म्हणालात का?"

"हो."

"मग तो निघाला ना. तसाच उठला आणि निघाला. मी म्हटलं थांब, धुकं आहे, सकाळी बस आहे. ऐकलं नाही. काल दुपारीच गेला."

मी आणि वाइनरनं सगळे रस्ते पालथे घातले. कालव्याचे काठ, पुलाखालच्या जागा, दवाखाने. वाइनरला मी खरं काय ते सांगितलं. त्यानं शेडकडे पाहिलं, तिथून शीळ येत होती. खिशातल्या किल्ल्या धरून तो निघून गेला. त्यानंतर चासीचं काम त्यानं कधी केलं नाही. ते कसं झालं, मला माहीत नाही. एका सकाळी झालेलं होतं.

तो हिवाळा सरला आणि कुणी आलं नाही. पुढच्या हिवाळ्यात सान फेलीचेहून माझी चुलत बहीण आली आणि म्हणाली, "अगं, एर्मेस धुक्यात आमच्या चौकात उभा होता, मी हाक मारली तर ओळख दिली नाही." त्याच्या पुढच्या हिवाळ्यात काम्पोसांतोच्या पुलावर एका ट्रकवाल्यानं एका म्हाताऱ्याला बसतोस का विचारलं, त्यानं मान हलवली. नाही. मग बोम्पोर्तो, दर हिवाळ्याला मोदेनाच्या एक गाव जवळ. फक्त धुक्यातच दिसतो, आणि उन्हाळाभर कुठं असतो देव जाणे. चालत येतोय. मी ये म्हटलं म्हणून येतोय, आणि ती हाक मला आता परत घेता येत नाही. घ्यायची आहे की नाही, तेही मला कळत नाही.

शेडमधल्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझे गुडघे गेले, तर तो मला जिन्यावरून उचलून नेतो. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. माझे केस पांढरे झाले, त्याचे त्या दिवशी होते तसेच आहेत. गाडी अजून पुरी झालेली नाही. एक बाजू झाली की दुसऱ्या बाजूला पोचा पडलेला असतो, आणि तो नव्यानं मोगरी हातात घेतो, आनंदानं. मी दुःखी होते असं म्हणू शकत नाही. पण जेवताना त्याच्याकडे बघून मला कधी कधी एवढी आठवण येते माझ्या नवऱ्याची, की घास खाली उतरत नाही.

आज सकाळी आपल्या गल्लीच्या तोंडाशी ती बेकरीवाली, तिनं मला पाव बांधून देता देता विचारलं, "एर्मेसना बरं नाही का? पहाटे समोरच्या बाकावर बसले होते. किती वाळलेत."

मी पाव तिथंच विसरून घरी आले. स्वयंपाकघरात टेबल मांडलेलं होतं. मी मांडलं नव्हतं. तीन ताटं, तीन पेले. एर्मेस हात धुऊन बसला होता. त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर नाही, पाहुण्यांना देतो त्या खुर्चीवर, कडेला.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्यानं वर पाहिलं नाही. मग अगदी हळू विचारलं,

"दिर्चे… तो आला की मी कुठं जाऊ?"

किती चांगला वागलाय हो तो माझ्याशी! कुठं जा म्हणू त्याला? म्हणून तर भिंतीवर हात मारून तुम्हाला बोलावलं. एकटीनं बसवेना.

थांबा. जरा गप्प बसा… ऐका.

शेडमध्ये मोगरी चालू झाली. आज वर शीळ नाही.

नाही, तो एर्मेस नाही. एर्मेस आत टेबलाशी बसलाय. इथून मला त्याचे दोन्ही हात दिसताहेत.